वेब फॉर्ममधून फाइल घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळाप्रवेश, शिष्यवृत्ती, निबंधस्पर्धा, भरती, सभासद नोंदणी. महाराष्ट्रातल्या कितीतरी छोट्या संस्थांचे असे अर्ज आजही पीएचपीवर आणि स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर चालतात. हे फॉर्म बांधणाऱ्यांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. उदाहरणं पीएचपीची असली तरी बहुतेक मुद्दे जँगो, लाराव्हेल किंवा नोडवाल्यांनाही लागू पडतील. या सगळ्या उत्तरांमागे माझी एक भूमिका आहे: आलेल्या फायलीवर अजिबात विश्वास ठेवायचा नाही, पण त्या अविश्वासाचा त्रास अर्ज भरणाऱ्या माणसाला होऊ द्यायचा नाही. फॉर्म बिघडतात ते बहुतेक वेळा या दोनपैकी एकच गोष्ट लक्षात ठेवल्यामुळे.

फाइल निवडली, सबमिट केलं, पण सर्व्हरवर फाइल येतच नाही. असं का?

सर्वांत आधी फॉर्मच्या टॅगमध्ये एन्कटाइप हा गुणधर्म 'मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा' असा दिलाय का ते बघा. तो नसेल तर ब्राउझर फायलीचं फक्त नाव पाठवतो, आतला मजकूर पाठवत नाही. १९९५ पर्यंत वेब फॉर्ममधून फाइल पाठवण्याची प्रमाणित सोयच नव्हती. त्या वर्षी झेरॉक्समधल्या अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी आरएफसी १८६७ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजात ती सुचवली. फॉर्ममधलं प्रत्येक फील्ड आणि प्रत्येक फाइल आपापल्या शीर्षकासह स्वतंत्र तुकडा म्हणून जाते, ही तेव्हाची कल्पना आजही तशीच चालू आहे.

एन्कटाइप बरोबर असेल तर मेथड 'पोस्ट' आहे का आणि इनपुटला नेम दिलंय का ते पाहा. आयडी दिला पण नेम दिलं नाही, तर ते फील्ड ब्राउझर पाठवतच नाही. एकाच फील्डमधून अनेक फायली घ्यायच्या असतील तर पीएचपीत नेमच्या शेवटी चौकटी कंस लागतात, नाहीतर फक्त शेवटची फाइल हाती येते.

मोठी फाइल दिली की सगळा फॉर्मच कोरा येतो. नाव, पत्ता, काहीच मिळत नाही.

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि त्याचं कारण पटकन सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पीएचपीत दोन वेगळ्या मर्यादा आहेत. 'अपलोड_मॅक्स_फाइलसाइज' ही एका फायलीची मर्यादा, मुळात २ एमबी. 'पोस्ट_मॅक्स_साइज' ही संपूर्ण फॉर्मची मर्यादा, म्हणजे सगळ्या फायली आणि सगळी फील्ड मिळून, मुळात ८ एमबी. पहिली ओलांडली तर बाकीचा फॉर्म नीट येतो आणि त्या फायलीसोबत त्रुटीचा क्रमांक मिळतो. दुसरी ओलांडली तर पोस्ट आणि फाइल्स हे दोन्ही ॲरे (ज्यांत पीएचपी फील्ड आणि फायली ठेवून देतं) रिकामे होतात. त्रुटीचा क्रमांकही मिळत नाही, कारण तो ठेवायला फायलीची नोंदच उरलेली नसते.

अशा वेळी तुमचा कोड समजतो की अर्जदाराने काहीच भरलेलं नाही. मग पडद्यावर 'नाव आवश्यक आहे', 'पत्ता आवश्यक आहे' अशा लाल ओळींची रांग लागते. ज्या माणसाने अर्धा तास बसून सगळं भरलं त्याला आपण सांगतो की तू काहीच भरलं नाहीस. हे थांबवायला तीन ओळींचा कोड पुरतो: विनंती पोस्ट आहे, कंटेंट-लेंग्थ शून्याहून जास्त आहे आणि तरीही पोस्ट ॲरे रिकामा आहे, असं दिसलं तर बाकीची कुठलीही तपासणी न करता 'एकूण आकार मर्यादेबाहेर गेला' हे एकच वाक्य दाखवा.

मर्यादा ठरवताना बेरीज करा. पाच कागदपत्रं, प्रत्येकी ५ एमबी, म्हणजे पोस्ट_मॅक्स_साइज किमान २६-२७ एमबी हवी. एका विनंतीत जास्तीत जास्त किती फायली घ्यायच्या याचीही वेगळी मर्यादा असते, ती मुळात २० आहे.

कोडमध्ये आयएनआय_सेट वापरून मर्यादा वाढवली, तरी फरक पडत नाही.

पडणारच नाही. तुमची स्क्रिप्ट सुरू होते तोवर फाइल येऊन तपासलीही गेलेली असते. ही सेटिंग्ज पीएचपी-डॉट-आयएनआयमध्ये किंवा, शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी सीजीआय किंवा एफपीएम पद्धतीने चालत असेल तर, फोल्डरमधल्या डॉट-युजर-डॉट-आयएनआयमध्ये करायची. त्या फायलीतला बदल लगेच दिसत नाही, कारण पीएचपी ती मुळात दर ३०० सेकंदांनी नव्याने वाचतं. बदल करून पाच मिनिटं थांबा आणि मगच पुढचा प्रयोग करा. न थांबता एकामागून एक सेटिंग बदलत गेलात तर नेमका कशाने फरक पडला ते कळणार नाही.

आकडा लिहिताना फक्त 'एम' लिहायचं, 'एमबी' नाही. पीएचपी शेवटचं एकच अक्षर बघतं. ते 'बी' निघालं तर त्याला एकक कळत नाही आणि '२०एमबी'चा अर्थ २० बाइट असा होतो. पीएचपी ८.२ पासून त्याबद्दल इशारा मिळतो, त्याआधीच्या आवृत्त्यांत मिळत नाही.

४१३ असा एरर येतो आणि पीएचपीच्या लॉगमध्ये काहीच नसतं.

विनंती पीएचपीपर्यंत पोचलेलीच नाही. समोर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज' मुळात फक्त १ एमबी असते. ती पोस्ट_मॅक्स_साइजपेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे मर्यादा ओलांडल्याचा निरोप तुमच्या स्वतःच्या पानावरून, मराठीत जाईल. समोर सीडीएन (वेबसाइट आणि वाचक यांच्यामधलं सर्व्हरांचं जाळं) असेल तर त्याचीही मर्यादा असते, तीही बघा.

फायलीसोबत येणाऱ्या त्रुटी-क्रमांकांचं काय करायचं?

त्यांचे दोन गट करा. १ (सर्व्हरची मर्यादा ओलांडली), २ (फॉर्ममधल्या छुप्या फील्डची मर्यादा ओलांडली), ३ (फाइल अर्धवट आली) आणि ४ (फाइल निवडलीच नाही) हे अर्जदाराला सांगण्यासारखे आहेत, कारण त्यांवर तो काही करू शकतो. ६ (तात्पुरतं फोल्डर नाही), ७ (डिस्कवर लिहिता आलं नाही) आणि ८ (पीएचपीला जोडलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनने अडवलं) हे तुमचे प्रश्न आहेत. तिथे अर्जदाराला 'आमच्याकडे अडचण आली आहे, तुमची माहिती जपून ठेवली आहे' असं सांगा, खरोखर जपून ठेवा, आणि स्वतःला ईमेल जाईल अशी व्यवस्था करा. ५ हा क्रमांक वापरात नाही. ७ दिसला तर आधी डिस्क भरली आहे का ते पाहा.

ॲक्सेप्ट गुणधर्मात जेपीजी आणि पीडीएफ लिहिलं की पुरे ना?

तो गुणधर्म जरूर लिहा, पण अर्जदाराच्या सोयीसाठी. फक्त चित्रंच मागितली असतील तर मोबाइलवर त्यामुळे बहुधा थेट फोटोंची गॅलरी उघडते आणि माणूस नको त्या फोल्डरांत हरवत नाही. पण डेस्कटॉपवर फाइल निवडण्याच्या खिडकीत 'सर्व फायली' हा पर्याय समोरच असतो, आणि ज्याला मुद्दाम काही पाठवायचं आहे तो ब्राउझर वापरतच नाही. कर्लची (ब्राउझरशिवाय विनंती पाठवणाऱ्या साधनाची) एक आज्ञा दिली की तुमचं सगळं जावास्क्रिप्ट बाजूला राहतं. म्हणून ब्राउझरमधली तपासणी अर्जदाराचा वेळ आणि डेटा वाचवण्यासाठी करायची, आणि तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा, काहीच आधी झालेलं नाही असं समजून करायची.

फाइल्स ॲरेतल्या 'टाइप'वर विसंबता येतं का?

नाही. तो प्रकार ब्राउझरने सांगितलेला असतो, आणि ब्राउझरही तो बहुधा फायलीच्या एक्स्टेन्शनवरूनच, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबापुढच्या भागावरून, ठरवतो. नोटपॅडच्या फायलीचं नाव बदलून 'फोटो.जेपीजी' केलं की टाइपमध्ये 'इमेज/जेपेग' दिसतं.

प्रकार ओळखायचा तो फायलीच्या आतल्या सुरुवातीच्या बाइटांवरून. जेपेगची सुरुवात एफएफ, डी८, एफएफ अशी होते. पीएनजीचे पहिले आठ बाइट ठरलेले असतात. पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि त्यापुढे 'पीडीएफ' या अक्षरांनी सुरू होते. पीएचपीतलं फाइलइन्फो हे एक्स्टेन्शन हेच वाचून प्रकार सांगतं. त्याचं उत्तर आणि फायलीचं एक्स्टेन्शन, दोन्ही तुमच्या परवानगीच्या यादीत असावीत आणि एकमेकांशी जुळावीत. यादी नेहमी 'काय चालेल' याची करा. 'काय चालणार नाही' याची यादी कधीच पूर्ण होत नाही.

वर्डची डॉकएक्स फाइल ही प्रत्यक्षात झिप असते, त्यामुळे काही सर्व्हरवर ती नुसती झिप म्हणून ओळखली जाते. सीएसव्हीला स्वतःची खूणच नसते, म्हणून ती साधा मजकूर म्हणून दिसू शकते. अशा प्रकारांसाठी फाइल उघडून आत अपेक्षित रचना आहे का ते पाहावं लागतं. लाराव्हेल वापरत असाल तर 'माइम्स' हा नियम आतला मजकूर बघतो आणि 'एक्स्टेन्शन्स' हा नियम नाव बघतो. दोन्ही एकत्र लावा.

सुरुवातीचे बाइट जुळले, म्हणजे फाइल सुरक्षित आहे?

तेवढ्याने नाही. जिफ फायलीची पहिली सहा अक्षरं लिहून त्यापुढे पीएचपीचा कोड चिकटवला, तर फाइलइन्फो तिला जिफच म्हणेल. फाइल नाव बदलून वेबसाइटच्या फोल्डरात गेली आणि सर्व्हरने ती चालवली, तर अख्खी साइट दुसऱ्याच्या हातात जाते. म्हणून चित्रांच्या बाबतीत मी एकच पद्धत वापरतो: आलेली फाइल जीडी किंवा (इमेजमॅजिकवर चालणाऱ्या) इमॅजिक या चित्र-लायब्ररीने उघडायची, हव्या त्या मापात नव्याने काढायची, नवी प्रत ठेवायची आणि मूळ फाइल टाकून द्यायची. चिकटवलेला कोड या नव्या प्रतीत सहसा टिकत नाही. 'सहसा' म्हणतो, कारण मुद्दाम रचलेले अपवाद आहेत, आणि म्हणूनच फाइल कुठे ठेवायची हा पुढचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

चित्र उघडणं हेही धोक्याचं काम आहे. मे २०१६ मध्ये इमेजमॅजिकमधल्या 'इमेजट्रॅजिक' नावाने गाजलेल्या त्रुटीमुळे नुसतं चित्र प्रक्रियेला दिल्याने सर्व्हरवर आज्ञा चालवता येत होत्या. त्यामुळे लायब्ररी अद्ययावत ठेवा आणि बाइट तपासल्याशिवाय काहीही तिच्या हाती देऊ नका.

दुसरी गोष्ट पिक्सेलांची. काही केबींच्या पीएनजीत प्रचंड लांबीरुंदीचं एकरंगी चित्र मावतं, पण उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला साधारण चार बाइट लागतात. १०,००० गुणिले १०,००० म्हणजे ४०० एमबी. हल्ला करणारा माणूसच कशाला, ५० मेगापिक्सेलच्या फोनने काढलेल्या साध्या फोटोलाही २०० एमबी मेमरी लागते, आणि शेअर्ड होस्टिंगला ते झेपत नाही. 'गेट-इमेज-साइज' हे फंक्शन चित्र पूर्ण न उघडता फक्त मापं वाचतं. आधी ते चालवा, मापं मर्यादेत असतील तरच पुढे जा.

एसव्हीजी शक्यतो घेऊच नका. ते चित्र दिसत असलं तरी आत स्क्रिप्ट बसू शकते.

फायली कुठे आणि कोणत्या नावाने ठेवाव्यात?

पब्लिक_एचटीएमएल या वेबवर उघड असलेल्या फोल्डरच्या बाहेर. बहुतेक शेअर्ड होस्टिंगवर त्याच्या एक पायरी वर तुमचं स्वतःचं फोल्डर असतं, तिथे जागा करा. ब्राउझरमध्ये पत्ता टाइप करून तिथवर कुणालाच पोचता येणार नाही. फाइल दाखवायची असेल तेव्हा एका स्क्रिप्टमधून, लॉगिन तपासून द्या. सोबत कंटेंट-टाइप स्वतः ठरवून पाठवा आणि ब्राउझरने स्वतःचे अंदाज बांधू नयेत म्हणून 'नोस्निफ' हेडर जोडा.

डिस्कवरचं नाव तुम्हीच तयार करा. रँडम_बाइट्समधून १६ बाइट घेऊन त्याची ३२ अक्षरं करा आणि एक्स्टेन्शन तपासणीतून निघालेल्या प्रकारावरून लावा, आलेल्या नावावरून नको. अपाचीच्या काही मांडणींत 'फोटो.पीएचपी.जेपीजी' अशा नावाची फाइलही पीएचपी म्हणून चालते, कारण तिथे नावातलं कुठलंही एक्स्टेन्शन पुरतं. नाव तुमचं असेल तर हा प्रश्नच उरत नाही. अर्जदाराने दिलेलं नाव डेटाबेसमध्ये जपा. फाइल हलवताना 'मूव्ह_अपलोडेड_फाइल' हेच फंक्शन वापरा. ते ही फाइल खरोखर याच विनंतीतून आली आहे का हे तपासतं. आणि हलवली नाहीत तर विनंती संपताच तात्पुरती प्रत पुसली जाते.

मराठी नावाच्या फायलींचा गोंधळ होतो. नावं इंग्रजीतच द्या असं सांगावं का?

कृपया सांगू नका. अर्जदाराने आपल्या फायलीला आपल्या भाषेत नाव दिलं यात त्याची काहीच चूक नाही, ते नीट हाताळणं आपलं काम आहे. डिस्कवर रँडम नाव ठेवलंत तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. उरलेला निम्मा असा.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे घटक आहेत. 'शेतकऱ्यांची यादी' हे नाव वाचायला छोटं वाटतं, पण ते ४६ बाइटांचं आहे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल व्यवस्थेत एका नावाला २५५ बाइटच मिळतात, म्हणजे देवनागरीचे जेमतेम ८५ घटक. 'सन २०२४-२५ च्या वार्षिक स्नेहसंमेलनातील निबंधस्पर्धेसाठी' असं सुरू होणारं नाव तिथे सहज अडतं. बाइट मोजून नाव मधेच कापलं तर शेवटचं अक्षर तुटतं आणि डेटाबेस ती नोंद नाकारू शकतो. कापायचंच असेल तर एमबी_सबस्ट्र किंवा एमबी_स्ट्रकट वापरा.

'शेतकऱ्यांची यादी'तला 'ऱ्या' बघा. तो तीन प्रकारे लिहिला जाऊ शकतो: 'ऱ' हा एकच घटक, 'र' आणि खाली नुक्ता (टिंब) असे दोन घटक, किंवा 'र', हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारी शून्य रुंदीची खूण). पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे. मॅकच्या जुन्या फाइल व्यवस्थेत नावं नुक्ता सुटा करून साठवली जात, त्यामुळे तिथून आलेली 'शेतकऱ्यांची यादी' आणि विंडोजवरून आलेली 'शेतकऱ्यांची यादी' डेटाबेसच्या दृष्टीने दोन वेगळी नावं ठरू शकतात. शोधलं तर सापडत नाही, तुलना केली तर जुळत नाही. उपाय असा की इंटल एक्स्टेन्शनमधल्या नॉर्मलायझरने नाव एनएफसी रूपात (सुट्या खुणा शक्य तिथे एका घटकात जोडलेल्या रूपात) आणायचं. झेडडब्ल्यूजेचा प्रकार त्याने बदलत नाही, त्यासाठी 'र', हलन्त, झेडडब्ल्यूजे या क्रमाच्या जागी 'ऱ' आणि हलन्त घालणारी एक ओळ आपण लिहायची. 'ॲ'चंही असंच आहे, तो एका घटकानेही लिहिला जातो आणि 'अ'ला वेगळी खूण जोडूनही. नाव साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा हीच साफसफाई करा.

बेसनेम हे फंक्शन लोकेलवर (सर्व्हरच्या भाषेच्या सेटिंगवर) अवलंबून असतं. लोकेल चुकीचं असेल तर मराठी नावाची सुरुवात खाल्ली जाऊ शकते. आणि फाइल परत डाउनलोडला देताना कंटेंट-डिस्पोझिशनमध्ये फाइलनेमच्या पुढे तारांकन असलेलं रूप वापरा, त्यात यूटीएफ-८ नाव टक्केवारीच्या खुणांनी लिहिता येतं. सोबत जुन्या प्रोग्रामांसाठी रोमन अक्षरांतलं साधं नाव द्या.

फायलीचं ठीक, पण नावाचं फील्डच मराठी नाव नाकारतं.

तुमच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा साचा तपासणाऱ्या नियमात) युनिकोडचा 'अक्षर' हा एकच वर्ग असणार. काना, वेलांटी, मात्रा, हलन्त, अनुस्वार हे युनिकोडच्या दृष्टीने 'अक्षर' नसून 'खूण' या वर्गात मोडतात. त्यामुळे 'अमर' पास होतो आणि 'स्वाती' नापास. चाचणी करणाऱ्याने 'अमर', 'कमल' अशी नावं टाकून पाहिली तर चूक लक्षातही येत नाही. दोन्ही वर्ग घ्या, झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (अक्षरं न जोडणारी तशीच खूण) घ्या, टिंब, जोडरेघ आणि जागा घ्या, शेवटी यू हा बदलक लावायला विसरू नका. खरं विचाराल तर नावाला मी इतके नियम लावतच नाही. रिकामं नाही आणि फार लांब नाही एवढं बघतो. माणसाचं नाव कसं असावं हे फॉर्मने ठरवू नये.

लांबी मोजताना लक्षात घ्या: 'स्वाती' हे एसटीआरलेनला १८ दिसतं, एमबी_एसटीआरलेनला ६, आणि वाचणाऱ्याला दोन अक्षरं. 'किमान ३ अक्षरं' असा नियम लिहिण्यापूर्वी कोणती तीन, ते ठरवा.

मोबाइल क्रमांक किंवा पिनकोड कुणी देवनागरी अंकांत लिहिला तर तो चुकीचा ठरवू नका. आधी इंग्रजी अंकांत बदलून घ्या, मग तपासा. दहा बदल्यांचं एक कोष्टक पुरतं.

फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी अशी अट घालावी का? सगळे घालतात.

बँक भरतीच्या अर्जांत हे आकडे वर्षानुवर्षं दिसतात, म्हणून ते सगळीकडे उचलले गेले. पण फोनमधला फोटो सहज ३-४ एमबीचा असतो. तो ५० केबीच्या आत आणायला गावातला मुलगा सायबर कॅफेत जातो, पैसे मोजतो, किंवा कुठल्या तरी अनोळखी वेबसाइटवर आपला फोटो आणि सही चढवून लहान करून घेतो. ज्या अटीमुळे लोकांना आपली सही परक्यांच्या सर्व्हरवर टाकावी लागते, ती अट सुरक्षेची म्हणता येत नाही. किमान आकाराच्या अटीने तर चांगला, स्पष्ट पण लहान फोटोही परत जातो.

१० एमबीपर्यंतचा फोटो घ्या आणि लहान तुम्ही करा. पीएचपीत ते वीसेक ओळींचं काम आहे. जीडीने नवी प्रत काढताना फोटोसोबतची एक्झिफ माहिती गळून पडते. त्यात फोटो जिथे काढला तिथले अक्षांश-रेखांशही असू शकतात, ते गेले तर उत्तमच. पण 'फोन कसा धरला होता' हेही त्यातच असतं, आणि ते गेलं की फोटो आडवा दिसतो. म्हणून आधी एक्झिफमधली दिशा वाचा, चित्र तेवढं फिरवा, मग साठवा. दिशेचा आकडा ६ असेल तर चित्र घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवायचं असतं. जीडीचं फिरवण्याचं फंक्शन उलट दिशेने मोजतं, तेव्हा तिथे उणे ९० लिहा.

आयफोनवाल्यांचे फोटो उघडत नाहीत.

ते हेइक प्रकारात असतात. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोनचा कॅमेरा मुळात त्याच प्रकारात फोटो साठवतो. गॅलरीतून निवडल्यास फोन पुष्कळदा आपणहून जेपेग करून देतो, पण फाइल्स ॲपमधून किंवा संगणकावर उतरवून घेतलेले फोटो हेइकच येतात. जीडी ते वाचत नाही. लिबहेइफसह बांधलेलं इमॅजिक वाचतं, ते होस्टिंगवर आहे का ते विचारा. नसेल तर 'जेपीजी प्रकारातला फोटो द्या' हे नुसतं न सांगता आयफोनवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' हा पर्याय कुठे असतो तेही सांगा.

आधार कार्डाची पीडीएफ आली, पण ती उघडायला पासवर्ड मागते.

डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड असतोच: नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. लोक ती तशीच चढवतात, कारण त्यांच्या फोनवर ती एकदा उघडलेली असते. आपल्याला हे महिनाभराने, छाननीच्या दिवशी कळतं आणि मग फोनाफोनी सुरू होते. पीडीएफ येताच तपासा. सर्व्हरवर क्यूपीडीएफ ही आज्ञावली असेल तर ती पासवर्ड लागतो का हे सांगते. नसेल तर फायलीत तिरक्या रेघेपुढे 'एन्क्रिप्ट' हा शब्द शोधा. तो सापडला तरी फाइल नाकारू नका, कारण फक्त छपाईला बंदी असलेल्या, एरवी उघडणाऱ्या पीडीएफमध्येही तो असतो. 'ही फाइल पासवर्डशिवाय उघडते का, एकदा बघाल?' असं विचारा. पासवर्ड मात्र फॉर्ममध्ये कधीही मागू नका.

त्याआधी स्वतःला विचारा की आधार हवंय कशाला. निबंधस्पर्धेला वयाचा पुरावा लागत असेल तर शाळेचा दाखला पुरतो. आधार लागतच असेल तर पहिले आठ अंक झाकलेली मास्क्ड प्रत मागा, ती अधिकृतपणे मिळते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आहे, आणि त्याचा गाभा हाच आहे की कामापुरतीच माहिती घ्यायची आणि काम संपल्यावर ती पुसायची.

एका फील्डमध्ये चूक निघाली की निवडलेल्या फायली नाहीशा होतात. त्या परत भरून दाखवता येतील?

येणार नाहीत. कुठल्याही वेबसाइटला तुमच्या संगणकावरची फाइल परस्पर निवडता येऊ नये म्हणून ब्राउझर हे होऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. पण अर्जदाराने पिनकोडमध्ये एक अंक कमी लिहिला म्हणून त्याला पाच कागदपत्रं पुन्हा चढवायला लावणं अन्यायाचं आहे. ज्या फायली तपासणीत पास झाल्या त्या तात्पुरत्या फोल्डरात हलवा, त्यांची खूण सेशनमध्ये ठेवा, आणि फॉर्म परत दाखवताना फील्डच्या जागी 'दाखला.पीडीएफ मिळाली आहे' असं लिहून शेजारी 'बदला' हे बटण द्या. अर्ज अर्धवट सोडून गेलेल्यांच्या फायली क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम करणारी सोय) लावून रोज रात्री पुसा.

चूक दाखवणारा निरोप कसा लिहावा?

'अवैध फाइल' हे दोन शब्द वाचून कुणालाही पुढे काय करायचं ते कळत नाही. कोणती फाइल, काय बिघडलं, काय चालेल हे तिन्ही सांगा: '«जातीचा दाखला» ही फाइल ७.२ एमबीची आहे. ५ एमबीपर्यंतची चालेल.' मर्यादा आधीच, फील्डच्या शेजारी लिहिलेली असावी. निरोप त्या त्या फील्डखाली यावा, नुसत्या लाल रंगावर अवलंबून नसावा, आणि 'एरिया-डिस्क्राइब्डबाय'ने फील्डशी जोडलेला असावा, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही तो ऐकू येईल. पहिल्याच वेळी सगळ्या चुका एकत्र दाखवा.

नेटवर्क कमजोर असेल तर?

प्रगतीची पट्टी दाखवा. जुनं एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट त्यासाठी अजूनही उपयोगी आहे, कारण किती बाइट गेले ते त्याच्या अपलोड घटनांतून कळतं. फोटो ब्राउझरमध्येच कॅनव्हासवर लहान करून पाठवलात तर ४ एमबीऐवजी ३००-४०० केबी जातात, आणि घाटातल्या गावात अर्ज पूर्ण होणं न होणं यावर ठरू शकतं. प्रत्येक फाइल निवडताच वेगळी पाठवा, सगळं शेवटच्या बटणावर ठेवू नका. व्हिडिओसारख्या मोठ्या फायली घेत असाल तर टस हा प्रोटोकॉल बघा. तुटलेलं अपलोड त्यात जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

व्हायरस तपासणी लागते का?

आलेल्या फायली कार्यालयातलं कुणी आपल्या संगणकावर उघडणार असेल तर लागते. क्लॅमएव्ही मोफत आहे, पण त्याला बरीच मेमरी हवी, शेअर्ड होस्टिंगवर बहुधा चालणार नाही. ते चालतंय का हे पाहायला आयकारची ६८ बाइटांची निरुपद्रवी चाचणी-फाइल वापरतात.

फॉर्म सुरू करण्यापूर्वी काय काय टाकून बघावं?

शून्य बाइटांची फाइल. मर्यादेपेक्षा एक बाइट मोठी. मर्यादेच्या दहापट मोठी. नाव बदलून जेपीजी केलेली मजकुराची फाइल. एक्स्टेन्शनच नसलेली. एक्स्टेन्शन मोठ्या अक्षरांत असलेली, कारण काही कॅमेरे तसंच देतात. 'दुसऱ्या सत्राची गुणपत्रिका' अशा नावाची, विंडोजवरून आणि मॅकवरूनही. आडवा धरून काढलेला फोटो. आयफोनचा हेइक. पासवर्डची पीडीएफ. अर्ध्यात इंटरनेट बंद केलेलं अपलोड. दोनदा दाबलेलं सबमिटचं बटण. आणि हे सगळं झाल्यावर फॉर्म एखाद्या अशा माणसाच्या फोनवर, त्याच्याच डेटावर उघडून द्या ज्याला तो खरोखर भरायचा आहे, आणि तो भरत असताना काही न सुचवता शेजारी बसा. तो जिथे थांबेल, तिथलं वाक्य बदला.